संपूर्ण वाचले

सुनीती मगदूम तासाला नव्वद पानं वाचायची. मिरजेच्या वाचन-प्रमाणन केंद्रात चौदा वाचक होते, आणि तिच्याखालोखाल जो वेगवान होता तो तासाला त्रेपन्न पानांच्या पुढं कधी गेला नव्हता. नवीन माणूस रुजू झाला की केंद्रप्रमुख कित्तूर साहेब त्याला आधी सुनीतीच्या टेबलापाशी आणून उभं करत. "नुसता पानं उलटायचा आवाज ऐका," म्हणत. सुनीती मान वर करायची नाही, पण त्या दिवशी तिचा वेग शंभरावर जायचा.

केंद्र निघालं त्याला सहा वर्षं झाली होती. त्याआधी नव्या औषधांच्या चाचण्यांचे अहवाल यंत्रंच वाचत. हजार पानांचा सारांश दोन सेकंदांत हातात. पण सारांशात बहुतेकांना जे झालं ते राहतं आणि दोघा-तिघांना जे झालं ते गळून जातं. दोन औषधांच्या वेळी असं गळलेलं माणसांच्या जिवावर बेतलं, तेव्हा कायदा झाला. नर्सनी हातानं लिहिलेल्या रोजच्या नोंदींसकट अख्खा अहवाल एका माणसानं वाचायचा आणि शेवटच्या पानावर शिक्का मारायचा: 'संपूर्ण वाचले'. शिक्क्याखाली वाचकाचं नाव आणि सही.

घरी सुनीती, तिचे वडील आप्पा आणि धाकटी बहीण वैजयंती. आप्पा भूगोलाचे मास्तर होते. निवृत्तीनंतर मधुमेहानं त्यांची नजर गेली. दिसायचं ते फक्त उजेड आणि सावल्या. सुनीतीनं लग्न केलं नव्हतं. वैजूनं केलं होतं, आणि पाच वर्षांपूर्वी ते मोडून ती घरी परत आली होती. बाहेरच्या खोलीत ती ब्लाउज शिवायची. हात सफाईदार होता, पण वाचणं म्हटलं की तिच्या कपाळावर घाम यायचा. शाळेत असल्यापासून ओळीतली अक्षरं तिच्यासाठी एकमेकांत घुसायची. नजर एका ओळीवरून दुसरीवर घसरायची. दहावीला दोनदा नापास झाली. गिऱ्हाइकानं चिठ्ठी पाठवली तरी ती म्हणायची, "ताई, एवढं वाच की गं."

ताई वाचून दाखवायची, आणि तिला ते आवडायचं.

संध्याकाळी आप्पांना वाचून दाखवायचं कामही तिचंच होतं. वर्तमानपत्र, मासिकं, एखादं पुस्तक. सगळं शब्दन् शब्द वाचायला तिला धीर नसे. "यात विशेष काही नाही आप्पा," म्हणून ती दोन ओळींत मजकूर सांगून पुढं जाई. आप्पा मान हलवायचे.

अशा घरात डॉक्टर शहनाझ मुजावरांचा चष्मा आला, आणि तो सुनीतीनंच आणला.

डॉक्टर मुजावर मेंदूच्या संशोधक. केंद्रावर अहवालांचा ढीग साठत चालला होता, म्हणून वाचकांना वेगानं वाचायला शिकवता येईल का, हे त्या पाहत होत्या. त्यांना हळू वाचणारी माणसं हवी होती. सुनीतीनं वैजूचं नाव दिलं. पहिल्या दिवशी ती वैजूला घेऊन गेली तेव्हा डॉक्टरांनी दोघींना समोर बसवून सगळं समजावलं.

"आपल्याला वाटतं, डोळा ओळीवरून घसरत जातो. तसं नसतं. तो उड्या मारतो. एका सेकंदात तीन-चार उड्या. प्रत्येक उडीनंतर क्षणभर थांबतो आणि त्या थांब्यात मधली सात-आठ अक्षरंच काय ती स्वच्छ दिसतात. मधूनच तो मागंही जातो. वेगवान वाचनाचे वर्ग चालवणारे सांगतात, मागं जाऊ नका, मनात उच्चार करू नका, थांबे कमी करा. त्यानं वेग वाढतो, पण समज कमी होते. कारण वेळ डोळ्याला लागतच नाही. वेळ लागतो तो अर्थ जुळवायला."

"मग चष्मा काय करतो?" सुनीतीनं विचारलं.

"तो अर्थ जुळला की नाही ते बघतो. एखादा शब्द वाक्यात बसला नाही की चारशे मिलिसेकंदांनी मेंदूत एक बारीकशी लाट उठते. कानामागच्या या पट्टीला ती कळते. काचेवर मजकूर एकेका तुकड्यानं येतो. समजला की पुढचा तुकडा लगेच, नाही समजला तर तोच थांबून राहतो. किती समजल्यावर पुढं जायचं, तो आकडा आपण ठरवायचा. त्याला आम्ही उंबरठा म्हणतो. सुरुवात पन्नास टक्क्यांवर करायची आणि दर रविवारी थोडा थोडा वाढवायचा. वर्षभरानं मेंदूला तुकड्या-तुकड्यानं वाचायची सवय लागते, मग चष्म्याची गरज राहत नाही."

उंबरठा वाढवायला घरातलं एक माणूस लागत होतं. वाचणाऱ्याला स्वतःचा आकडा दिसता कामा नये, नाहीतर तो मजकूर सोडून आकड्याकडंच बघत बसतो. सुनीतीच्या फोनवर ते बटण आलं.

"एक लक्षात ठेवा," डॉक्टर तिला म्हणाल्या. "उंबरठा खाली असला तरी वाचणाऱ्याला सगळं समजल्यासारखंच वाटतं. उलट जास्त छान वाटतं. गंमत आहे, पण धोकाही तोच आहे."

निघताना सुनीती हसत म्हणाली, "माझीही एकदा परीक्षा घ्या की डॉक्टर."

डॉक्टरांनी दोघींना एकच चार पानांचा मजकूर दिला. त्यात पाच वाक्यं मुद्दाम उलटी करून ठेवली होती; 'ताप उतरला' येणार असं वाटावं आणि तिथं 'चढला' लिहिलेलं असावं, अशी. सुनीतीनं अडीच मिनिटांत पानं खाली ठेवली. वैजूला तासाहून जास्त वेळ लागला. बोट ओळीवर ठेवून, ओठ हलवत, ती मधूनच थांबे आणि म्हणे, "हे काहीतरी चुकलंय बघा."

वैजूनं पाचही वाक्यं धरली. सुनीतीनं एक.

"तुम्ही वाचता कमी आणि ओळखता जास्त," डॉक्टर सुनीतीला म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात टीका नव्हती, कुतूहल होतं. "पुढं काय येणार ते तुमचा मेंदू आधीच ठरवतो. नव्वद टक्के वेळा ते बरोबरच निघतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. तुमच्या बहिणीचं उलटं आहे. त्यांचा डोळा भरकटतो, पण समजल्याशिवाय त्या पुढं जात नाहीत. हे शिकवता येत नाही. डोळ्याला शिस्त लावता येते."

रिक्षात वैजू घाबरून म्हणाली, "ताई, असल्या परीक्षेचं काय एवढं मनावर घ्यायचं?"

"मी कुठं घेतलंय?" सुनीती म्हणाली.

पुढचे आठ महिने सुनीती दर रविवारी बटण सरकवत होती. पंचावन्न, साठ, सत्तर. सुरुवातीला वैजू तासाला चार पानं वाचायची. दिवाळीपर्यंत पंधरा झाली, संक्रांतीला तीस. उंबरठा नव्वदवर पोचला तेव्हा ती तासाला साठ पानं वाचत होती, आणि प्रत्येक पानाबद्दल तिला काहीतरी विचारायचं असायचं.

ते ती आप्पांना विचारायची.

हे कधी सुरू झालं ते सुनीतीला कळलंच नाही. एकदा तिला केंद्रातून यायला उशीर झाला म्हणून वैजूनं आप्पांना वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी आप्पा म्हणाले, "सुने, तू दमून येतेस. वैजूला वाचू दे." सुनीती स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत ऐकत राहायची. वैजू काहीच गाळायची नाही. नदीजोडणीवरचा रटाळ लेखसुद्धा ती पूर्ण वाचायची, आणि मधेच थांबून म्हणायची, "पण आप्पा, हा माणूस वर म्हणतो पाणी उत्तरेकडून येणार आणि खाली म्हणतो दक्षिणेकडून. कसं काय?" आप्पा गडगडाटी हसायचे. मग हातवारे करून पठारं, घाट, नद्यांची खोरी समजावायला लागायचे. वीस वर्षांत सुनीतीनं त्यांना असं हसताना ऐकलं नव्हतं. तव्यावरची भाकरी करपायची आणि ती तशीच वाढायची.

मार्चमध्ये डॉक्टरांनी कित्तूर साहेबांना वैजूचे आकडे दाखवले. साहेबांनी तिला परीक्षेला बसवलं. ती पास झाली, आणि तीन महिन्यांच्या उमेदवारीवर केंद्रात रुजू झाली. नव्या लोकांना आणून उभं करायचं टेबल बदललं. "या बघा," कित्तूर साहेब म्हणायचे, "यांच्या नजरेतून काही सुटत नाही." ते टेबल सुनीतीच्या टेबलापासून चार हातांवर होतं.

सुनीती वैजूशी नेहमीसारखीच वागायची. डबा दोघींचा भरायची. पण वैजूच्या प्रत्येक गोष्टीचा तिला राग येऊ लागला. तिच्या नव्या कॉटनच्या साड्यांचा, ओठ न हलवता वाचण्याचा, सहकाऱ्यांनी तिला 'मॅडम' म्हणण्याचा. सगळ्यात जास्त राग यायचा तो वैजू अजूनही "ताई, हा शब्द काय गं?" असं विचारायला यायची त्याचा. सांगताना आपण चुकू की काय, अशी भीती तिला पहिल्यांदाच वाटायला लागली होती.

मे महिन्यात वैजूला तिचा पहिला स्वतंत्र अहवाल मिळाला. सांधेदुखीवरचं नवं औषध, अकराशे चाळीस पानं. सोमवारी सुरुवात करायची होती. शनिवारी संध्याकाळी बाहेरच्या खोलीत आप्पा कुणालातरी फोनवर सांगत होते, "आमच्या घरात वाचणारी म्हणजे वैजू." शेजारच्या खोलीत सुनीती कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं आपला फोन घेतला, बटण नव्वदवरून पासष्टवर आणलं, आणि उरलेल्या घड्या घातल्या.

तिचा हिशेब साधा होता. नोंदीतलं काहीतरी वैजूकडून सुटेल. पडताळणीला अहवाल ज्येष्ठ वाचक म्हणून आपल्याकडंच येणार. सुटलेलं आपण दाखवून द्यायचं. वैजूची उमेदवारी सहा महिने लांबेल, एवढंच. कुणाचं काही बिघडणार नाही.

तीन दिवसांचं काम वैजूनं दोन दिवसांत संपवलं. मंगळवारी बसस्टॉपवर तिचा चेहरा फुलला होता. "ताई, काय सांगू, आज नुसती उडत होते बघ! कुठंच अडलं नाही." शेवटच्या पानावर तिनं शिक्का मारला होता, खाली वळणदार सही.

बुधवारी अहवाल सुनीतीच्या टेबलावर आला. पडताळणीला दहावा हिस्सा वाचला तरी चालत असे, पण तिनं पहिल्या पानापासून सुरुवात केली. दुपारपर्यंत काही सापडलं नाही. गुरुवारी दुपारी अहवाल संपला, तरी काही नाही. रुग्णांचं दुखणं कमी होत होतं, लोक चालत होते, जिने चढत होते. तिनं लगेच पुन्हा पहिलं पान काढलं. या खेपेला ती हळू वाचायचं ठरवून बसली होती, पण दहा मिनिटांत डोळे आपल्या चालीवर आले. वाक्याचा पहिला शब्द दिसला की पुढचं तिला आधीच माहीत असायचं, आणि ते खरंच लिहिलेलं आहे की आपणच घातलंय, हे तिला सांगता येईना.

शुक्रवारी डबा न उघडताच तिनं दुसरी खेप संपवली. कदाचित अहवालात काहीच वाईट नसेल. कदाचित असेल, आणि दोन शिक्क्यांखाली ते बाहेर जाईल. हे कळायला कुणीतरी नीट वाचायला हवं होतं, आणि ते माणूस ती नव्हती. वैजूची समज कुठं कमी पडली ते चष्म्यातून शोधण्याची सोयही नव्हती. रुग्णांची खासगी माहिती म्हणून तो रोजची नोंद संध्याकाळी पुसून टाके. सोमवारी सकाळी अहवाल पुण्याच्या औषध समितीकडं जाणार होता. मग ते औषध दुकानांत येणार होतं.

संध्याकाळी घरी येताच तिनं वैजूला स्वयंपाकघरात बोलावलं. दार लोटून घेतलं.

"तुझा उंबरठा मी खाली आणला होता."

वैजूला आधी कळलंच नाही. "चष्म्याचा? का, बिघडला होता काय?"

"बिघडला नव्हता. मी आणला. शनिवारी."

वैजू भिंतीला टेकली. तिनं एवढंच विचारलं, "कितीवर?"

"पासष्ट."

"म्हणजे मी जे वाचलं ते..." तिनं वाक्य सोडून दिलं. "माझी सही आहे त्याच्यावर, ताई."

"मी दोनदा वाचला. मला काही सापडत नाही. वैजू, मला खरंच सापडत नाही."

वैजूनं का म्हणून विचारलं नाही. तिनं सुनीतीच्या हातातून फोन घेतला, उंबरठा नव्वदवर नेला आणि फोन परत दिला. कित्तूर साहेबांना तिनंच कळवलं की अहवाल पुन्हा वाचायचा आहे आणि शनिवार-रविवार केंद्र उघडं लागेल.

शनिवारी सकाळी सातला दोघी केंद्रात होत्या. वैजू वाचत होती. सुनीती समोरच्या खुर्चीवर बसून पाणी भरून देत होती. संध्याकाळपर्यंत पाचशे चाळीस पानं झाली. रविवारी दहाच्या सुमाराला वैजूचा हात थांबला. तिनं चष्मा काढला, पान सुनीतीकडं सरकवलं.

"हे वाच. मोठ्यानं."

पान सातशे तेरा. जत तालुक्यातल्या एका नर्सची नोंद, निळ्या शाईत. सुनीतीनं वाचलं, "रुग्ण सांगतो की जिना उतरताना आता एका वेळी दोन पायऱ्या उतरतो."

"परत वाच."

"रुग्ण सांगतो की जिना उतरताना आता एका..." तिनं डोळे बारीक केले. "एका वेळी दोन..."

"ताई, बोट ठेव. एकेक शब्द."

सुनीतीनं बोट ठेवलं. "रुग्ण. सांगतो. की. जिना. उतरताना. आता. एका. पायरीच्या. दोन. दिसतात."

बोट तिथंच राहिलं. हे वाक्य तिच्या डोळ्यांखालून दोनदा गेलं होतं. दोन्ही वेळा तो म्हातारा तिच्या मनात टुणटुण जिना उतरला होता.

त्यानंतर वैजूला आणखी सहा नोंदी सापडल्या. एकीच्या हाताला समोरचा तांब्या लागत नव्हता. एक जण सुईत दोरा ओवू शकत नव्हता. एकाला बैलाचे दोन बैल दिसत होते, आणि नर्सनं ते गंमत म्हणून लिहिलं होतं. वेगवेगळ्या गावचे, पन्नास-साठ पानांच्या अंतरावरचे सात जण. यंत्राच्या सारांशात ते नव्हतेच. औषध डोळे फिरवणाऱ्या नसांवर परिणाम करत होतं.

सोमवारी अहवालाऐवजी वैजूची हरकत पुण्याला गेली, आणि सोबत सुनीतीचा लेखी कबुलीजबाब. चाचणी थांबली. सातांपैकी पाच जणांची नजर औषध बंद केल्यावर महिन्याभरात ठिकाणावर आली. दोघांची आली नाही.

घरात आप्पांना सगळं सांगितलं ते सुनीतीनंच. "मला दिसत नाही, पण चव कळते," ते म्हणाले. "भाकऱ्या करपत होत्या तेव्हाच मी विचारायला हवं होतं." महिनाभर दोघी बहिणी मीठ, किल्ली, दूधवाला यापलीकडं बोलल्या नाहीत.

जुलैमध्ये समितीनं दोघींना पुण्याला बोलावलं. लांबलचक टेबलापलीकडं पाच माणसं बसली होती. अध्यक्षांनी कबुलीजबाब वाचला होता. तारखा, आकडे, सगळं त्यात होतं.

"उंबरठा तुम्ही कमी केलात हे आलंय," ते म्हणाले. "का केलात ते आलेलं नाही. कंपनीच्या माणसांनी सांगितलं होतं का?"

"नाही."

"मग?"

सुनीतीनं शेजारी पाहिलं. वैजू हात मांडीवर ठेवून समोर बघत होती.

"माझी बहीण माझ्यापेक्षा चांगलं वाचायला लागली," सुनीती म्हणाली. "मला ते सहन झालं नाही."

टेबलापलीकडच्या एकानं लिहिता लिहिता पेन थांबवलं. सुनीतीचा शिक्का तीन वर्षांसाठी काढून घेण्यात आला.

बाहेर पडल्यावर दोघी पायऱ्या उतरून आवारातल्या एका कडुलिंबाखाली थांबल्या. गाडीला अजून वेळ होता.

"एवढंच होतं?" वैजूनं विचारलं.

"एवढंच."

"मला वाटत होतं, लग्न मोडून आलेली बहीण तुला आता घरात नकोशी झाली. मी घरातून जावं म्हणून तू केलंस." वैजू म्हणाली. "दोन महिने मी तेच धरून बसले होते."

सुनीती म्हणू शकली असती की तसं काही नव्हतं, आणि गोष्ट तिथं मिटली असती. पण आज एकदा खरं बोलून झालं होतं.

"तू आलीस तेव्हा मला बरंच वाटलं होतं, वैजू. घरात माझ्यापेक्षा कमी कुणीतरी आलं म्हणून."

वैजूनं तिच्याकडं पाहिलं. तिचा चेहरा कसा होईल याचा सुनीतीला अंदाज करता येईना, म्हणून ती नुसती बघत राहिली. वैजूनं पदरानं नाक पुसलं.

"ते मला तेव्हापासून माहीत होतं," ती म्हणाली, आणि पर्स खांद्याला लावून फाटकाकडं चालू लागली. चार पावलांवर ती थांबली आणि सुनीती येईपर्यंत उभी राहिली.